घोळका सुटतो तेव्हा

एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी सकाळी मेलबर्नच्या कुठल्याही उपनगरातल्या मैदानावर जा आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंडर-11 किंवा अंडर-12 चा सामना बघा. मोसमातला पहिला-दुसरा सामना असेल, तर खेळ नजरेला पडतच नाही, पडतो तो घोळका. दोन्ही संघांची वीस-पंचवीस मुलं बॉलभोवती गोळा झालेली. बॉल डावीकडे सरकला की मोहोळ डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. दोन-अडीच एकरांचं मैदान, आणि सगळा खेळ एका दिवाणखान्याएवढ्या जागेत.

तोच संघ ऑगस्टमध्ये बघा. मोसम नीट गेला असेल तर घोळका सुटलेला असतो. पूर्णपणे नाही, पण सुटलेला असतो. दोघं-तिघं बॉलपाशी झटत असतात आणि बाकीची मुलं कुठेतरी लांब, हात वर करून, बॉल येईल या भरवशावर उभी असतात. लहान मुलांच्या संघाने या चार-पाच महिन्यांत काय कमावलं हे मला विचाराल, तर मी गुणतक्त्याकडे बोट दाखवणार नाही. घोळका किती सुटला तेवढं बघा, असं सांगेन.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलला तिथे नुसतं ‘फुटी’ म्हणतात. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. दोन्ही टोकांना चार-चार खांब, त्यांतले मधले दोन उंच. मधल्या दोघांतून बॉल पायाने मारून गेला तर गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा 1. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण 15 मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. फेकता मुळीच येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. लांबून मारलेली किक हवेतच झेलली तर तो ‘मार्क’, मग त्या मुलाला कुणी हात लावायचा नाही, त्याला निवांत किक मिळते. ऑफसाइडचा नियम नाही. कुणीही कुठेही उभं राहू शकतं, आणि नेमकं तेच लहान मुलांना जमत नाही.

क्रिकेटशी या खेळाचं नातं मैदानापुरतं नाही. 1858 च्या जुलैत टॉम विल्स या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडापत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, मे 1859 मध्ये, मेलबर्न क्लबने पहिले नियम लिहून काढले. आजही उन्हाळ्यात ज्या मैदानावर मुलं बॅटिंग करतात तिथेच हिवाळ्यात फुटी होतो.

आता घोळक्याकडे. कडेला उभे असलेले पालक आणि बरेचसे नवे कोच त्याला शिस्तीचा प्रश्न समजतात. ‘पसरा, पसरा!’ असं ओरडतात. मुलं चार सेकंद पसरतात आणि पुन्हा गोळा होतात. यात मुलांची चूक नाही. दहा-अकरा वर्षांच्या बहुतेक मुलांची किक मोसमाच्या सुरुवातीला पंधरा-वीस मीटरच जाते, तीही कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणजे बॉल पुढच्या वेळी जिथे पडणार ती जागा आत्ताच्या जागेपासून पंधरा मीटरच्या आतच असणार, आणि हे मुलांना बरोबर कळतं. चाळीस मीटरवर एकटं उभं राहून काय मिळणार? काहीच नाही. घोळका हा त्यांनी काढलेला अचूक हिशेब आहे. तो बदलायचा तर हिशेबातला आकडा बदलायला हवा, म्हणजे किकची लांबी आणि तिचा नेम. ज्या दिवशी संघातल्या पाच-सहा मुलांची किक तीस मीटर सरळ जायला लागते, त्या दिवशी लांब उभं राहणं फायद्याचं ठरतं, आणि मुलं न सांगता लांब उभी राहू लागतात.

म्हणून संघाची खरी प्रगती ही ‘ड्रॉप पंट’ या एका किकची प्रगती असते. बॉल अंडाकृती असल्यामुळे तो हवेत उलटा, आपल्याकडे गिरक्या घेत गेला तरच सरळ जातो आणि समोरच्याला झेलता येतो. त्यासाठी बॉल उभा धरायचा, टोक किंचित पुढे झुकलेलं, दोन्ही तळवे दोन बाजूंना, बोटं पसरलेली. उजव्या पायाने मारणाऱ्याचा उजवा हात बॉलला खाली नेतो, डावा आधी सुटतो. बॉल कमरेच्या उंचीवरून, मारणाऱ्या पायाच्या मांडीच्या समोर सोडायचा. पायाचा चवडा ताणलेला हवा आणि बॉलचं खालचं टोक बुटाच्या लेसवर बसायला हवं, बोटांवर नाही. मारल्यावर पाय लक्ष्याच्या दिशेने वर जातो.

सांगायला एवढंच. बिघडतं ते बहुतेक वेळा पायात नाही, हातात. मूल बॉल सोडत नाही, तो वर उडवतं. छातीपासून उडवलेला बॉल पायापर्यंत पोचेतो अर्धा फिरलेला असतो, टोकाऐवजी पोट पायाला लागतं आणि बॉल तिरका सुटतो. दुसरी चूक, दोन्ही हातांनी एकदम सोडणं. मग बॉल आडवा होतो. तिसरी, घाईत अंगाच्या आडून मारणं, म्हणजे खांदे एकीकडे आणि पाय दुसरीकडे. ही तिसरी चूक सरावात दिसत नाही, अंगावर कुणी धावून आलं की सामन्यातच दिसते. त्यामुळे सरावात छान मारणारं मूल रविवारी चुकलं, तर त्याला पुन्हा पकड शिकवून उपयोग नसतो. त्याच्यासमोर सरावातच कुणीतरी धावून यायला हवं.

बॉलचा आकारही इथे महत्त्वाचा. आकार 1 ते 5 असे असतात. पुरुषांच्या सामन्यात 5 नंबरचा, महिलांच्या ए.एफ.एल.डब्ल्यू. या राष्ट्रीय लीगमध्ये 4 नंबरचा, आणि मुलांना वयानुसार त्याहून लहान. हौसेने घरी मोठ्या माणसांचा ‘शेरिन’ कंपनीचा बॉल आणून दिला, तर लहान हातात तो मावत नाही, मूल दोन्ही हातांनी खालून उचलून धरतं आणि नेमकी ती वर उडवायची सवय लागते. ती मोडायला मग अख्खा मोसम जातो. लीगने ठरवलेल्या आकाराचाच बॉल घरी हवा.

आणि किती वेळा मारला हे मोजावं. चोवीस मुलं, दोन रांगा, एक बॉल. रांगेतला पुढचा मारतो आणि मागे जातो. हा सराव नीटनेटका दिसतो म्हणून सर्रास चालतो. वीस सेकंदांना एक किक धरली तर दहा मिनिटांत तीस किक, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला एक, फार तर दोन. तीच चोवीस मुलं बारा जोड्यांत, प्रत्येक जोडीला एक बॉल, मिनिटाला चार किक. दहा मिनिटांत एकेका मुलाच्या वीस. आठवड्यातून एक संध्याकाळ सराव, मोसमात वीसेक संध्याकाळी. या दोन पद्धतींतल्या फरकावरच ऑगस्टमध्ये घोळका सुटेल की नाही ते ठरतं, असं माझं ठाम मत आहे. यातल्या निदान चौथा भाग किक डाव्या, म्हणजे कच्च्या पायाने असाव्यात. बाराव्या वर्षापर्यंत ते केलं नाही तर पुढे मुलाला स्वतःलाच लाज वाटू लागते आणि तो पाय कायमचा मागे राहतो.

झेलण्याचं वेगळंच. क्रिकेट खेळणारी मुलं इथे अर्धी पुढे असतात आणि अर्धी मागे. पुढे यासाठी, की हवेतला बॉल कुठे उतरणार ते त्यांना आधी कळतं. मागे यासाठी, की क्रिकेटमध्ये झेल घेताना हात बॉलबरोबर अंगाकडे आणायची सवय असते. फुटीत तसं केलं तर मागून येणारा प्रतिस्पर्धी मूठ घालून बॉल उडवतो. इथे हात पुढे, वर, पूर्ण लांब करून बॉल घ्यायचा. दोन्ही अंगठे बॉलच्या मागे जवळजवळ, तर्जन्या वर. पाऊस पडत असेल तर मात्र हे सगळं विसरून छातीवर घ्यावा, कोपरं आत दाबून.

आता मुलांकडे येऊ. कुठल्याही संघात एक उंच मुलगा असतो. सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर मध्यभागी अंपायर बॉल वर टाकतो तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसांकडे थापटायचा, हे ‘रक’चं काम त्याला पहिल्याच दिवशी मिळतं आणि ऑगस्टपर्यंत त्याच्याचकडे राहतं. सामने जिंकायला हे ठीक. त्या मुलासाठी ठीक नाही. वयोगट 1 जानेवारीला कापला जातो; जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच संघात असतात आणि बाराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे कधी कधी अर्धा फूट. तो उंच मुलगा बऱ्याचदा नुसता थोरला असतो. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात, आणि वाकून, चिखलातून, पायांच्या गर्दीतून बॉल उचलणं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. त्याला महिन्यातून दोनदा तरी कडेच्या ‘विंग’वर खेळवावं.

त्याच्या उलट संघातला सगळ्यात लहानखुरा. पहिल्या पाच-सहा सामन्यांत बॉल त्याच्या हाताला फार तर दोन-तीनदा लागतो. पण त्याच्याकडे नीट बघा. प्रतिस्पर्धी किक मारत असताना तो पायापुढे हात घालून बॉल अडवतो. याला ‘स्मदर’ म्हणतात. आपल्या माणसाला पळायला वाट मिळावी म्हणून मधे खांदा घालतो. हे ‘शेपर्ड’, बॉलपासून 5 मीटरच्या आत असेल तर चालतं. अशा कामांना फुटीत ‘वन-पर्सेंटर’ म्हणतात. मोठ्यांच्या सामन्यांत त्यांचीही नोंद होते. मुलांच्या संघात ती ठेवायला हवी. एखाद्या आजोबांच्या हाती वही द्यावी आणि फक्त हेच मोजायला सांगावं. किक आणि गोल मोजणारे बाकी सगळे असतातच.

तिसरं मूल फुलबॅक, आपल्या गोलपाशी उभं. संघ जोरात असेल तर पंधरा-पंधरा मिनिटं त्याच्याकडे बॉल येत नाही. ते गवत उपटत बसतं. संघ दुबळा असेल तर प्रत्येक गोल त्याच्या डोक्यावरून जातो. दोन्ही बाबतींत तिथे एकाच मुलाला सलग चार क्वार्टर, म्हणजे अख्खा सामना, ठेवणं निर्दयपणाचं आहे.

बेंचचा हिशेब कोचने घरीच कागदावर करून यावा. मैदानावर 15, संघात 22, क्वार्टर 15 मिनिटांचं धरलं तर एकूण 15 गुणिले 60, म्हणजे 900 मिनिटं वाटायची. प्रत्येकाला जेमतेम 41. अठराच मुलं आली तर 50. ऐन वेळी, गुण बघून, मनाने बदल करत गेलं की चांगल्या खेळणाऱ्यांची साठ होतात आणि दोघा-तिघांची वीस. पुढच्या मोसमात नाव न नोंदवणारी मुलं त्याच वीस मिनिटांवाल्यांतली असतात. सुटीच्या आठवड्यात संघात चौदाच उरले तर समोरच्या संघाशी बोलून दोन्हीकडे सारखी मुलं ठेवावीत, किंवा त्यांच्याकडून एक-दोन उसनी घ्यावीत. मुलांच्या फुटीत ही पद्धत आहे आणि ती फार छान आहे.

गुणफलक वाचायलाही शिकावं लागतं. निकाल असा लिहितात: 6.9 (45) विरुद्ध 8.2 (50). म्हणजे आपण सहा गोल, नऊ बिहाइंड. पाच गुणांनी हरलो. पण आपण पंधरा वेळा खांबांपर्यंत पोचलो, ते दहाच वेळा. हा संघ खेळात हरला नाही, नेमात हरला. आणि नेम का गेला याचं उत्तर बऱ्याचदा कोनात असतं. मधल्या खांबांतलं अंतर 6.4 मीटर, पण 45 अंशांच्या कोनातून ते दिसायला साडेचार मीटर उरतं आणि 60 अंशांतून 3.2. मुलं दमली की बॉल कडेकडेने नेतात, तिथे गर्दी कमी असते म्हणून, आणि मग कोपऱ्यातून मारावा लागतो. नऊ बिहाइंडांवरचा उपाय नेमाचा सराव नव्हे. शेवटची किक कोपऱ्याकडे न मारता मधल्या पट्ट्यात मारायची, एवढा एकच धडा पुरतो.

वाऱ्याचंही तसंच. मेलबर्नच्या हिवाळ्यात मोकळ्या मैदानावर वारा एका टोकाकडे सलग वाहतो आणि लहान मुलांची किक त्याच्याविरुद्ध निम्मी होते. पहिल्या क्वार्टरमध्ये वारा पाठीशी घेऊन चार गोलनी पुढे असलेला संघ प्रत्यक्षात बरोबरीतच असतो. मध्यंतराचा आकडा खरा, कारण तोवर दोघांनाही वारा एकेकदा मिळालेला असतो. वाऱ्याविरुद्ध खेळताना घोळका पुन्हा दाटतो, आणि ते बरोबरच आहे. किक आखूड झाली की हिशेबही जुनाच होतो. कोचने तिथे रागावू नये.

गुणतक्त्यात विजयाला 4, बरोबरीला 2, आणि समान गुण असले तर ‘पर्सेंटेज’ बघतात: आपण केलेले गुण भागिले आपल्यावर झालेले, गुणिले शंभर. 400 केले, 500 दिले तर 80. बऱ्याच लीगमध्ये पहिले तीन-चार सामने ‘ग्रेडिंग’चे असतात, त्यावरून संघांना वरच्या-खालच्या डिव्हिजनमध्ये हलवतात. त्यामुळे मे महिन्यात सत्तर गुणांनी हरलेला संघ जूनमध्ये अचानक जिंकू लागतो. ती प्रगती नसते, समोरचा संघ बदललेला असतो. सगळ्यात छोट्या गटांत तर गुण आणि तक्ता ठेवतच नाहीत, आणि तिथे कडेला उभं राहून बोटांवर गोल मोजणाऱ्या पालकांनी ते मुलांना ऐकू जाईल असं तरी मोजू नये.

शरीराबद्दल दोन गोष्टी. मोसम सुरू होतो तेव्हा उन्हाळ्याने मैदान दगडासारखं झालेलं असतं, बूट नवे असतात, आणि दहा ते तेरा वर्षांची मुलं वाढीला लागलेली असतात. टाचेचं हाड वाढत असताना पोटरीचा ताण त्यावर येतो आणि टाच दुखू लागते. मूल खेळताना धावतं, घरी आल्यावर लंगडतं. हे आळसाचं ढोंग नसतं. धावणं कमी करणं, बर्फ, मऊ तळव्याचे बूट, आणि थोडी वाट बघणं. दुसरी गोष्ट गंभीर आहे. टॅकल, म्हणजे बॉल घेतलेल्याला धरून अडवणं, खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वरच करायचा असतो, तरीही डोकं आपटतं. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी खेळ संपला. स्थानिक क्लबांच्या फुटीत त्यानंतर 21 व्या दिवसाआधी परत खेळता येत नाही. म्हणजे रविवारी लागलं तर पुढचे दोन रविवार गेलेच. तिसरा हा लवकरात लवकरचा, तोही टप्प्याटप्प्याने सराव वाढवून आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर. ‘सेमीफायनल आहे हो’ हे कारण इथे चालत नाही आणि चालता कामा नये.

मुलींबद्दल लिहायला वेगळा लेख हवा. व्हिक्टोरियात चौदाच्या आतल्या मुली मुलांबरोबर खेळू शकतात, हे 2004 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणापुढे मुलींनीच जाऊन पक्कं करून घेतलं. मोठ्या मुलींना तेव्हा नकार मिळाला, पण त्यातून मुलींच्या स्वतंत्र स्पर्धा उभ्या राहिल्या. 2017 पासून त्यांच्यासमोर ए.एफ.एल.डब्ल्यू. आहे. अंडर-12 च्या मिश्र संघांत घोळक्याबाहेर उभं राहून खेळ वाचणारी पहिली दोन-तीन मुलं बघा. त्यांत एखादी मुलगी हमखास असते.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक भागात आता बरीच मराठी घरं आहेत. त्यातल्या आई-वडिलांना क्रिकेटचं सगळं कळतं आणि फुटीचं काही नाही, म्हणून ते कुंपणापाशी उभे राहतात आणि मोसमभर तिथेच राहतात. त्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं: हा खेळ पालकांच्या हातांवर चालतो. पाणी घेऊन मैदानात पळणारा, बेंचवरून निरोप नेणारा रनर, घड्याळ सांभाळणारा, आणि दोन झेंडे घेऊन खांबांमागे उभा राहणारा गोल अंपायर, हे बहुतेक आई-बाबाच असतात. गोल अंपायरचं काम पहिल्या मोसमातही जमतं: गोल असेल तर दोन्ही झेंडे, बिहाइंड असेल तर एक. तिथून, खांबांच्या मागून, सगळं मैदान समोर उघडं दिसतं, जे कुंपणावरून कधीच दिसत नाही. तिसऱ्या क्वार्टरनंतर कोच मुलांना भोवती गोळा करून बोलतो तेव्हा पालकांनाही जवळ जाऊन ऐकता येतं. जरूर ऐकावं. चांगला कोच त्या दोन-तीन मिनिटांत एकच गोष्ट सांगतो.

तर, ऑगस्टमधला एखादा सामना, शेवटचं क्वार्टर, गोल खांबांमागची जागा. समोर चिखलात तीन मुलं बॉलवर पडलेली. त्यांतला एक गुडघ्यावर असतानाच बॉल ठोसून मागे देतो. ज्याला मिळतो तो आधी मान वर करून बघतो आणि मग मारतो. किक मधल्या पट्ट्यात येते, तीसेक मीटर. तिथे धावत आलेली मुलगी हात लांब करून मार्क घेते, वळते, मारते. दोन झेंडे. पोरं तिच्यावर उड्या घेतात.

लांब डाव्या विंगवर एक मुलगा एकटा उभा असतो. तो तिथे पहिल्यापासून होता. त्याच्यावर नजर ठेवायला समोरच्यांचा एक खेळाडू तिकडे गेला, म्हणून मधला पट्टा मोकळा झाला. त्या क्वार्टरमध्ये बॉल त्याच्या हाताला लागलेलाही नसतो. तो दोन्ही हात वर करून एवढ्या लांबून टाळ्या वाजवतो आणि पळत येत नाही, आपल्या जागेवरच थांबतो, कारण आता अंपायर पुन्हा बॉल वर टाकणार असतो.